हाताने विणलेला चाबूक: पदर किती, पोट कसं आणि पैसे नेमके कशाचे?

नाटकवेडा_धरमपेठ

नमस्कार मंडळी. आमच्या हौशी ग्रुपच्या नाटकात चाबकाचा कडाडा रंगमंचावर प्रत्यक्ष काढायचा आहे, रेकॉर्ड केलेला नको. माणसावर किंवा जनावरावर चालवायचा प्रश्नच नाही, फक्त हवेत आवाज. प्रयोग नागपूरच्या देशपांडे सभागृहात आहे, तालमी मैदानावर.

सात फुटी चामडी चाबकाचे तीन भाव मिळाले. ऑनलाइन तयार माल 1,500 रुपये. हाताने विणून देणारा एक कारागीर बकरीच्या चामड्याचा आठ पदरी 6,500 ला देतो, बारा पदरीचे 9,000 सांगतो. आणि बाहेरून मागवायचा कांगारूचा बारा पदरी, कस्टम आणि कुरिअर धरून 40,000 च्या वर जातो. फोटोत तिन्ही सारखेच दिसतात. हा फरक कशाचा आहे? हातात घेतल्यावर तो जाणवतो का? आणि पदर वाढले की चाबूक चांगला, हे खरं आहे का?

वादी_आणि_रापी

दादा, फोटोत सारखे दिसतात कारण फरक सगळा पोटात आहे. वरून दिसते ती शेवटची वीण. तिच्या आत काय आहे यावर चाबूक चालतो की नुसता लोंबतो हे ठरते.

नीट बनवलेल्या चाबकात असे थर राहतात. मुठीत 8 ते 10 इंचाची पोलादी सळई किंवा कडक लाकडाचा दांडा. तिथून पुढे चामड्याचा निमुळता गाभा. त्यावर चार पदरांची पहिली वेणी, जी साधारण अर्ध्या लांबीपर्यंत जाऊन संपते. तिच्यावर पातळ चामड्याची लांबट, टोकाकडे निमुळती पट्टी गुंडाळून मेणाच्या दोऱ्याने बांधतात, हे अस्तर. मग सहा किंवा आठ पदरांची दुसरी वेणी, ती आणखी पुढे जाते. पुन्हा अस्तर. आणि सगळ्यावर आठ, बारा किंवा सोळा पदरांची वरची वीण. प्रत्येक थर वेगळ्या ठिकाणी संपतो, म्हणून जाडी हळूहळू उतरते. हा उतार म्हणजेच चाबूक. सात फुटी चाबूक मुठीजवळ 20 ते 22 मिलिमीटर जाड आणि शेवटी 7-8 मिलिमीटर असावा, आणि मध्ये कुठेही पायरी नको.

1,500 च्या मालात हे काहीच नसते. आत सुताची किंवा प्लास्टिकची दोरी, नाहीतर कापून उरलेल्या कातड्याच्या चिंध्या, आणि वरून क्रोम टॅनिंगच्या, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेल्या चामड्याच्या, पातळ पट्ट्या. जाडी सुरुवातीपासून शेवटपर्यंत जवळजवळ एकच. शेवटच्या फूटभरात एकदम बारीक केलेला असतो, म्हणून फोटोत निमुळता वाटतो.

दुसरी लपलेली जागा म्हणजे मान. मुठीतली सळई जिथे संपते आणि लवचिक भाग सुरू होतो ती. तिथे गाभा सळईच्या शेजारी चार-पाच इंच मागे नेऊन, मजबूत दोऱ्याने वेढ्याला वेढा चिकटवून बांधावा लागतो. सळई गाभ्यात नुसती खुपसून वर विणलं, तर काही आठवड्यांत मान बिजागरीसारखी खेळायला लागते. मग हाताचा जोर तिथेच मुरतो, पुढे जात नाही. अशी मान मोडली की दुरुस्ती म्हणजे सगळी वरची वीण उसवणे. तेवढ्या मजुरीत अर्धा नवा चाबूक होतो.

आता पदरांचं. 20 मिलिमीटर जाडीवर 12 पदर घेतले तर एक वादी, म्हणजे विणायची चामड्याची पट्टी, सुमारे 7 मिलिमीटर रुंद लागते. 24 घेतले तर साडेतीन, 8 घेतले तर साडेदहा-अकरा. विणताना वादी तिरकी जाते म्हणून तिची लांबी चाबकाच्या लांबीच्या दीडपट धरायची. सात फुटाला एक वादी दहा फुटांच्या आसपास. बारा पदरांपैकी काही मध्येच आत सोडले जातात, म्हणून एकूण शंभर फूट वादी धरा. प्रत्येक वादीच्या दोन्ही कडा आतल्या बाजूने रापीने (चामडं कापायच्या हत्याराने) तिरप्या तासाव्या लागतात, नाहीतर एकावर एक बसताना धारा वर राहतात. म्हणजे बारा पदरांत 200 फूट कडा तासायच्या, चोवीस पदरांत 400. चामडं तेवढंच लागतं, मजुरी दुप्पट होते. पदरांचे पैसे हे असे आहेत.

त्याने चाबूक चांगला होतो का? आठावरून बारावर गेलं की पृष्ठभाग गुळगुळीत होतो आणि उतार जास्त टप्प्यांत सोडता येतो: बाराचे दहा, दहाचे आठ, आठाचे सहा. हा फायदा हाताला कळतो. बाराच्या पुढे जे वाढतं ते देखणेपण. साडेतीन मिलिमीटरची वादी मुरुमावर घासली की लवकर तुटते. मैदानावर तालीम असेल तर सोळा-चोवीसच्या नादी लागू नका.

मैदानी_कसरत

वरच्या उत्तरात हाताळणीची बाजू जोडतो.

आवाज येतो तो चाबूक जमिनीवर आपटल्याने येत नाही. हाताने एक वळसा तयार होतो, तो टोकाकडे धावतो. पुढे जाताना चाबूक हलका होत जातो, म्हणून तीच ऊर्जा कमी वजनात कोंबली जाते आणि वेग वाढत जातो. वळशाने सेकंदाला सुमारे 340 मीटरचा, म्हणजे ध्वनीचा वेग ओलांडला की कडाडा. अ‍ॅरिझोना विद्यापीठातल्या अ‍ॅलन गोरिएली आणि टायलर मॅकमिलन यांनी 2002 मध्ये याचं गणित मांडलं. वळसा स्वतः ध्वनीचा वेग ओलांडतो तेव्हा धमाका होतो, आणि त्या क्षणी टोकाचा वेग त्याच्या दुपटीच्या आसपास असतो.

यातून खरेदीसाठी एकच गोष्ट काढायची. वळशाला वाटेत अडथळा नको. जाडीची पायरी, पोकळ जागा, मऊ पडलेली मान, गाठाळ झालेला सोडलेला पदर, यांपैकी काहीही आलं की वळसा तिथे पसरतो. मग माणूस हाताचा जोर वाढवतो, खांदा दुखवून घेतो आणि टोक परत अंगावर येतं. खराब चाबकावर शिकणाऱ्याचा हात बिघडतो तो असा.

कारागिराकडे गेलात की हे करून पाहा. मूठ आडवी धरून बाकीचा चाबूक खाली सोडा. मानेपासून एकसंध कमान पडायला हवी. मुठीच्या टोकाला काटकोनात मोडला तर ठेवून द्या. मग मानेपाशी दोन्ही हातांनी छोटा वळसा करा आणि तो वळसा हळूहळू टोकाकडे सरकवा. तो एकसारखा लहान होत गेला पाहिजे. मध्येच एकदम मिटला तर तिथे आतला थर अचानक संपलाय. नंतर अंगठा आणि तर्जनीत दाबत पूर्ण लांबी चाचपा, कुठे पोकळ किंवा भुसभुशीत लागू नये. शेवटी चाबूक जमिनीवर सरळ पसरून विणीची मधली रेघ बघा. ती सरळ जायला हवी. रेघ मुठीभोवती पीळ घेत फिरत असेल तर विणताना ताण एका बाजूला जास्त पडलाय. असा चाबूक दरवेळी थोडा वाकडा जातो, आणि रंगमंचावर वाकडा जाणं धोक्याचं आहे.

फोनवर एवढी तपासणी होत नाही. दर फुटावर घेतलेली जाडी मागा, व्हर्नियरने मोजलेली. ज्याने पोट नीट बांधलंय तो आकडे लगेच देतो.

नाटकवेडा_धरमपेठ

खूप उपयोगी. कारागिराला फोन केला. तो म्हणतो 6,500 मध्ये आत एकच वेणी आणि एक अस्तर, वर आठ पदर. 9,000 मध्ये आतलं तेच, वर बारा पदर. वजन यावं म्हणून मुठीपुढे शिशाचे छर्रे भरून देऊ का, असंही विचारलं, त्याचे वेगळे 500. घ्यावे का? आणि कांगारूत असं काय आहे की सरळ चार-पाचपट?

कामठीचा_खोगीरवाला

आधी कांगारूचं सांगतो. त्याच्या चामड्यातले तंतू पृष्ठभागाला बरेचसे समांतर बसलेले असतात, आणि पूर्ण जाडीत सारखे. गाई-म्हशीच्या चामड्यात तंतू आडवेतिडवे गुंतलेले. म्हशीचं चामडं तासून पातळ केलं की ताकद फार झपाट्याने जाते. कांगारूचं पाऊण मिलिमीटरवर आणलं तरी वादी हाताने ओढून तुटत नाही. वादी पातळ, म्हणून त्याच जाडीत जास्त थर मावतात, आणि विणताना खूप ताणून ओढता येतं. घट्ट विणलेला चाबूक बारीक दिसतो पण हातात भरीव लागतो. टोकाकडचा भाग सहा-सात मिलिमीटरवर आणूनही त्यात पोट ठेवता येतं, बकरीत हे अवघड जातं. एका चाबकाला दोन-तीन चामडी लागतात, माल ऑस्ट्रेलियातून येतो, आणि कारागिराची मजुरीही तिकडच्या दराची. तुम्हाला सांगितलेल्या 40,000 मध्ये मोठा वाटा मजुरीचा आणि वाहतूक-कराचा असणार. हाताळणीत फरक नक्की आहे, पण पाचपट नाही. नाटकाला तर नाहीच.

आपल्याकडे बकरीचं चामडं हा चांगला पर्याय, फक्त टॅनिंग वनस्पतीचं हवं. बाभूळ, तरवड, हिरडा वापरून कमावलेलं चामडं अंगाने ताठ राहतं, रापीने स्वच्छ तासलं जातं. क्रोमचं चामडं रबरासारखं ताणतं. चाबूक पहिल्या महिन्यात लांब होतो आणि सैल पडतो. ओळखायचं असेल तर कापलेली कड बघा. वनस्पतीचं चामडं आतपर्यंत तपकिरी, क्रोमचं बहुतेक निळसर-करडं.

बकरीची अडचण ताणाची आहे. वाद्या कापण्याआधी चामडं थोडं दमट करून ताणून वाळवायचं, मग कापायचं, कापल्यावर प्रत्येक वादी पुन्हा ओढून घ्यायची. हे दोन टप्पे गाळले की एक-दोन दिवस वाचतात, आणि भाव 6,500 वरून 4,500 वर येतो. ग्राहकाला ते कळतं तीन महिन्यांनी, पदरांमध्ये फटी दिसायला लागतात तेव्हा. बकरीच्या मानेचं आणि पोटाचं चामडं जास्त ताणतं, म्हणून वरच्या विणीला फक्त पाठीचा भाग घ्यावा आणि बाकीचं आतल्या वेणीला. एका कातड्यातला निम्म्याच्या आसपास भागच वर वापरण्याजोगा निघतो. कारागीर महाग वाटतो तेव्हा हा हिशेब डोळ्यांसमोर ठेवा.

म्हशीचं चामडं शेवटच्या लोंबत्या वादीला उत्तम. तिलाच फॉल म्हणतात. कानपूरकडचं खोगिराचं म्हशीचं चामडं इथे मिळतं, 3 मिलिमीटरच्या आसपासचं घ्या. फॉल दोन फूट, वर 8-9 मिलिमीटर रुंद आणि खाली 4. ती झिजणारच, बदलायचीच वस्तू आहे. ती गाठीने अडकवलेली हवी, विणीत शिवलेली नको.

वादी_आणि_रापी

छर्ऱ्यांबद्दल माझं मत स्पष्ट आहे: शिसं नको. छर्रे चामड्याच्या नळीत असतात, ती वापराने आत झिजते, आणि मग शिशाची पूड विणीतून हाताला लागते. विषारी धातू आहे, तालमीला मुलं असतील तर विषयच संपला. वजन हवंच असेल तर पोलादाचे छर्रे किंवा मण्यांची बारीक पोलादी साखळी घ्या. शिशाची घनता 11.3, पोलादाची 7.8 च्या आसपास, म्हणजे परिणाम थोडा सौम्य येईल एवढंच.

पण वजन का घालतात ते बघा. जड चाबूक सावकाश फिरवला तरी वळसा टिकतो, शिकणाऱ्याला वेळ मिळतो. हलका लवकर वळतो, पण हाताची वेळ चुकली तर लगेच कोसळतो. हे वजन दुसऱ्या वेणीतूनही येतं, आणि जास्त चांगल्या जागी येतं, कारण ते उतारासोबत कमी होत जातं. छर्ऱ्यांची नळी जिथे संपते तिथे वजन एकदम तुटतं. म्हणून 500 छर्ऱ्यांना आणि 2,500 जास्तीच्या चार पदरांना देण्यापेक्षा त्याला सांगा: वर आठच पदर ठेव, आत दुसरी वेणी आणि दुसरं अस्तर घाल. त्याला चार-पाच तास जास्त लागतील. त्याचे दोन-अडीच हजार मागितले तर ते वाजवी आहेत, घासाघीस करू नका.

आणखी दोन गोष्टी विचारा. विणताना वाद्यांना साबण-चरबीचा लेप लावतो का? साबण, चरबी आणि पाणी एकत्र शिजवून केलेला. त्याने वादी घसरते आणि पूर्ण ताणून बसते. कोरडं विणलं की वादी अडकते, हात आपोआप कमी ओढतो आणि वीण सैल राहते. दुसरं, प्रत्येक थर झाल्यावर फळीखाली लाटतो का? न लाटलेला चाबूक गोल नसतो, किंचित चौकोनी राहतो. चार पदरी पोट न लाटता वर विणलं तर बोटांना कोपरे स्पष्ट लागतात.

सुताचा_गोंडा

टोकाच्या गोंड्याकडे, म्हणजे क्रॅकरकडे, सगळे दुर्लक्ष करतात. अर्धा आवाज त्याचा आहे. सहा-सात इंच, जोडे शिवायचा पॉलिस्टर दोरा दुहेरी पीळ देऊन, शेवटी गाठ मारून पुढे एक इंच मोकळे तंतू. गोंडा नसेल तर फॉलचं टोकच फाटत जातं आणि आवाज बोथट येतो. जाड गोंडा लावला तर आवाज खोल पण जोर जास्त लागतो, बारीक लावला तर टणत्कार. सभागृहात बारीक बरा.

नायलॉनचा मांजा पडलेला मिळतो म्हणून तो कृपा करून वापरू नका. राष्ट्रीय हरित लवादाने 2017 मध्येच त्यावर बंदी घातली आहे, आणि दरवर्षी संक्रांतीला नागपुरात त्याने गळे चिरतात हे सगळ्यांना माहीत आहे. ध्वनीच्या वेगाने फिरणाऱ्या टोकाला तो बांधणं म्हणजे उघडं पातं बांधणं.

नागपूरच्या हवेचंही सांगते. मे महिन्यात 45 अंशांत टिनाच्या छताखाली ठेवलेला चाबूक दोन आठवड्यांत कडक होतो, आणि तसाच फटकावला की पदर तुटतात. उलट कूलरच्या तोंडाशी किंवा पावसाळ्यात बंद कपाटात ठेवला की पांढरी बुरशी येते. सुती पिशवीत, सैल वेटोळं करून, आडवा ठेवा. वेटोळं नेहमी त्याच्या नैसर्गिक वळणाच्या दिशेने. प्लास्टिकमध्ये नाही. चरबी आणि मेणाचा लेप वर्षातून दोनदा, एकदा मार्चअखेर, एकदा दिवाळीनंतर. लावायचा अगदी पातळ, आणि दुसऱ्या दिवशी कापडाने पुसायचा. तेलात बुडवून ठेवायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. वाद्या मऊ पडतात, ताणतात, मग कितीही चांगलं पोट असलं तरी चाबूक दोरखंड होतो. फॉलला मात्र तेल जास्त चालतं, तिला दर महिन्याला लावा.

मैदानी_कसरत

रंगमंच म्हणताय म्हणून लांबीचा फेरविचार करा. मूठ धरून सात फूट, फॉल दोन, गोंडा अर्धा, हात दोन-अडीच. म्हणजे नटाभोवती चहूबाजूंनी बारा फूट मोकळे हवेत, वरसुद्धा. वर लाइट आणि पडद्याच्या दोऱ्या आहेत हे विसरू नका. पाच फुटी घेतला तर दहा फुटांत भागतं. आखूड चाबूक जास्त चपळ, त्याला वेळ अचूक लागते, पण आवाज सभागृहाला भरपूर पुरतो आणि पैसेही कमी लागतात. पाच फुटाला वादी सात-साडेसात फूटच लागते, तासायची कडही त्याच प्रमाणात घटते.

मोजमाप आधी बोलून घ्या. या प्रकारच्या चाबकात बहुतेक कारागीर मुठीसकट विणलेली लांबी सांगतात, फॉल आणि गोंडा सोडून. ज्यात दांडा वेगळा असून लांब विणलेला भाग बिजागरीसारखा जोडलेला असतो, त्या गुराखी पद्धतीत दांडा सोडून मोजतात. या गैरसमजात चाबूक दीड फूट लांब निघतो आणि भांडण होतं.

तालमीला चष्मा, टोपी आणि लांब बाह्यांचा शर्ट सक्तीचा करा. आधी पॅराकॉर्डचा (पॅराशूटच्या बारीक दोरीचा) नायलॉन चाबूक घेऊन हात बसवायचा असेल तर तेही चालेल. स्वस्त पडतो, पाण्याला घाबरत नाही, सिमेंटवर घासला तरी दुःख नाही. फक्त नायलॉन चामड्यापेक्षा हलकं, म्हणून आत मण्यांची साखळी असलेलाच घ्या. आणि पोळ्याच्या दिवसांत कोणी बैलाला दाखवायला मागितला तर देऊ नका. जनावराला मारणं 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंध कायद्यात गुन्हा आहे.

नाटकवेडा_धरमपेठ

पाच फुटीच ठरवला. कारागिराशी बोलणं झालं: बकरीचं वनस्पती टॅनिंगचं चामडं, मुठीत 8 इंची सळई, मान दोऱ्याने बांधलेली, आत दोन वेण्या, दोन अस्तरं, वर आठ पदर. छर्रे नाहीत. म्हशीची दोन फुटी फॉल, एक जास्तीची. 7,500 म्हणाला, मी हो म्हटलं. वरची वीण सुरू करण्याआधी आतलं पोट दाखवायलाही तयार आहे. तेव्हा नेमकं काय बघू?

वादी_आणि_रापी

पोट दाखवतो म्हणजे कारागीर चांगला आहे. दुसरं अस्तर बांधून झालं की जा. मानेवर पूर्ण वजनाने वाकवून बघा, सळईचं टोक बोटाला वेगळं लागता कामा नये. अस्तराच्या कडा एकमेकींना भिडलेल्या हव्यात, एकावर एक चढलेल्या नकोत, चढल्या असतील तर वरून उंचवटा येईल. आणि पोटाचं टोक: ते चाबकाच्या टोकाच्या सात-आठ इंच आधी, तासून जवळजवळ शून्यावर आणलेलं पाहिजे. बोथट कापलेलं दिसलं तर तिथेच तासून घ्यायला सांगा. वर विणल्यावर ते दुरुस्त होत नाही.

सुताचा_गोंडा

आणि गोंडे एकदम दहा-बारा करून ठेवा. पहिल्या महिन्यात शिकणारे लोक ते भराभर संपवतात, आणि प्रयोगाच्या दिवशी नवा नको, दोन-तीन तालमी चाललेला लावा. नव्याचे तंतू मोकळे व्हायचे असतात, आवाज कमी येतो.